न आलेल्या पाळीचे दिवस

मला पाळी कधीच आली नाही, तरी सापगावच्या आमच्या घरात मी दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचे. ही आईची युक्ती. सोळावं सरलं तरी काही दिसेना, तेव्हा थोरल्या काकूचं तोंड बंद करायला तिने मला पडवीच्या टोकाच्या कुडाच्या खोलीत बसवलं. ते नाटक माझ्या इतकं अंगवळणी पडलं, की मी पोट धरून कण्हायचेसुद्धा.

बाविसाव्या वर्षी, शहापूरला कापड घ्यायला जातो असं घरी सांगून, आई मला ठाण्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. गर्भाशय जन्मापासूनच नाही आणि योनीमार्ग जेमतेम खळीएवढा, हे त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. ऑपरेशनची लगेच गरज नाही म्हणाल्या. त्यांनी चढत्या मापाच्या गुळगुळीत कांड्या दिल्या. रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं, निवांत पडून कांडीने त्या खळीत हलका दाब द्यायचा. काही महिन्यांत मार्ग तयार होतो. "पण खाडा करायचा नाही हं."

निवांत म्हणे! घरात सात माणसं आणि दारांच्या जागी पडदे. कडी फक्त त्या कुडाच्या खोलीला. म्हणजे माझा उपचार महिन्यातून चार दिवस! मी चाराचे सहा केले, सहाचे नऊ. दुखायचं, घाम फुटायचा, काकूची चाहूल लागली की कांडी उशाखाली. मला स्वतःचीच किळस यायची.

त्यातच मुरबाडचं स्थळ आलं. काकू म्हणाली, "नऊ नऊ दिस अंगावर जातंय गो पोरीच्या. भगताला दाखवा."

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "रोज करतेस ना?" मी हो म्हटलं. माप जिथल्या तिथे होतं. येताना मी आईला म्हणाले, "आई, मला नाय जमत. मरते मी."

त्याच संध्याकाळी काकूने भगताचा विषय पुन्हा काढला. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठली.

"जाऊबाय, हिला पाळी येतच नाय. कधीच नाय आली. मीच तुमाला फसवलं. औषध चालू हाय तिचं. रोज दार लावून बसंल ती, मधी कोणी जायचं नाय."

आम्ही काही कळवायच्या आधीच बातमी मुरबाडला पोचली. तिकडून पुन्हा फोन आला नाही. काकू माझ्या हातचं पाणी घेईनाशी झाली. मी मात्र रोज दोनदा, न चुकता, दात आवळून पडून राहिले.

पुढच्या खेपेला माप वाढलं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. बाहेर बाकावर बसल्यावर मी आईला विचारलं, "आता कुणासाठी करायचं गं हे?"

"तुझ्यासाठी गो," ती म्हणाली, आणि मला ते काही केल्या खरं वाटेना.