चिंचेनं घासलेला नळ

मालकिणीनं माझी घागर पायानं लोटली. ती अंगणभर गडगडत गेली. मग सुनेला म्हणाली, "नळाला हात लागला गे तिचा. चिंच लावून घास."

मराठीत म्हणाली. मला कळणार नाही, असं वाटलं असेल. तंजावूरकडच्या जुन्या मराठी जमीनदारांचं हे एक घर, पापनाशमजवळच्या आमच्या गावात. आई त्यांच्या गोठ्यात शेण काढायची. मी तिथंच परसात वाढले. त्यांची भाषा मला कुणी शिकवली नाही. कानावर पडत गेली. शिव्यांसकट.

धाकटी बहीण सेल्वी जुलाबांनी गळून गेली होती, म्हणून मी त्यांच्या नळावर पाणी भरायला गेले होते. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीला एकच हातपंप. तांबडं, खारट पाणी. उन्हाळ्यात तेही नाही. मग कालव्यातल्या डबक्याचं, पदरानं गाळून. तेच पिऊन ती पडली होती.

रिकामी घागर घेऊन परत आले. आईनं ती हातातून घेतली. डबक्याकडे निघाली.

सेल्वी गेली. शेवटपर्यंत एकच म्हणत होती, "अक्का, तण्णी." ताई, पाणी.

अजून ऐकू येतं. बसमध्ये. बाजारात. भर दुपारी. मी वळून बघते. पेला कधी पुरा पीत नाही. तळाशी थोडं ठेवते. कुणासाठी, ते घरात कुणी विचारत नाही.

आता मी पंचायतीत सदस्य आहे. यंदा घरोघरी नळ द्यायचं काम निघालं. पाइपासाठी चर खणत आणला आणि मालकांच्या घरापाशी थांबवला. मालकिणीचा मुलगा ठेकेदाराला तमिळमध्ये म्हणाला, पुढे प्रेशर पुरणार नाही. मग भावाकडे वळून मराठीत, "त्यांना कोपऱ्यावर वेगळी टाकी देऊ. आपल्या लाइनीवर नकोत ते."

"टाकी नको," मी मराठीत म्हणाले. "हीच लाइन पाहिजे."

तो गर्रकन माझ्याकडे वळला. "तुला मराठी येते? कधीपासून?"

"तुमच्या आईनं नळ घासायला लावला, तेव्हाही येत होती."

त्यानं मान फिरवली. ठेकेदाराला हातानंच खूण केली. फावडी घेऊन माणसं चर बुजवायला आली.

मी साडी खोचली आणि चरात उतरून बसले. मागोमाग वस्तीतल्या बाया. माझी आईसुद्धा, गुडघे धरत.

"उठा तिथून," तो ओरडला.

"माती टाकायची तर आमच्यावर टाक." आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. जीभ अडखळली नाही.

पाइप अजून आलेला नाही. चर उघडा आहे. आम्ही त्यात बसलोय.