कडीला अडकवलेलं पायपुसणं

शाळेत नववीचे पेपर तपासत बसले होते, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला... नवव्या मजल्यावरचे सिद्रामअण्णा लिंगैक्य झाले. खाली भराभर जोडलेले हात येऊ लागले. माझ्याच्यानं ते जमेना. फोन पालथा ठेवला आणि पुढचा पेपर ओढला. त्या पोरीला मी किती गुण दिले, देव जाणे. आज दीड महिन्यानं अण्णांबद्दल लिहायला बसलेय, कारण एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे.

अण्णा मूळचे मंद्रूपचे. उमेदीची सगळी वर्षं सोलापुरातल्या एका सूतगिरणीत, आग विझवणाऱ्या पथकात गेली. निवृत्तीनंतर लेकाच्या फ्लॅटमध्ये, आमच्या अकरा मजली इमारतीत राहायला आले आणि आमच्या मागेच लागले. मला ते तंगी म्हणायचे, कानडीत धाकटी बहीण. "आग लांबच ऱ्हाती तंगी, धूर आदी गाठतो. धुरात डोळं कामाचं न्हाईत, हातच कामाचा." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना जिन्यानं खाली उतरवायचे. जिन्यात कुणाचा कुलर, कुणाचं ज्वारीचं पोतं. अण्णा बेल दाबून विचारायचे, "मरताना वारं घ्यायला ठेवलाय व्हय ह्यो कुलर?" माणसं चिडायची, पण कुलर आत घ्यायची.

त्यांचा एक नियम मात्र कुठल्या पुस्तकात नसेल. लॅचचं दार बाहेरून सारखंच दिसतं, आत माणूस असो वा नसो. म्हणून घर रिकामं करून निघताना उंबऱ्यापुढचं पायपुसणं उचलायचं आणि दाराच्या बाहेरच्या कडीला अडकवायचं. मागून बघत येणारा अंधारात कडीवरून हात फिरवणार. पायपुसणं लागलं की पुढे जायचं, नाही लागलं की दार ठोकायचं. आम्ही किती हसायचो! "अण्णा आले, पायपुसणी सांभाळा!" असं ओरडणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा. तरी माझ्या अर्धांगवायू झालेल्या आईला प्लास्टिकच्या खुर्चीत लुगड्यानं बांधून, पाठमोरं एकेक पायरी कसं उतरवायचं, हे अण्णांनीच मला आणि समोरच्या यास्मिनभाभींना शिकवलं. आई खुर्चीत बसून तोंडाला पदर लावायची. म्हणायची, "ह्या अण्णानं माझी वरात काढली की गं."

एप्रिलमधल्या एका दुपारी खालच्या मीटररूमनं पेट घेतला. लाइट गेली, जिन्यात काळा धूर चढायला लागला. भाभी धावत आल्या. ओला टॉवेल आईच्या तोंडावर, खुर्ची, लुगडं, सगळं अण्णांनी सांगितलं तसं. निघताना मी दार ओढून घेतलं आणि आत दागिने आहेत म्हणून दोनदा ढकलून बघितलं, लॅच लागलं का. दोनदा! पायपुसणं माझ्या पायाखालीच होतं.

अण्णांनी बायकोला, महादेवीवहिनींना, शेजाऱ्यांबरोबर खाली पाठवलं होतं आणि स्वतः वरच्या मजल्यापासून एकेक दार चाचपत उतरत होते. सातव्या मजल्यावर आमच्या कडीला त्यांच्या हाताला काही लागलं नाही. आत चालता न येणारी बाई आहे, हे त्यांना माहीत. ते दार ठोकत राहिले... अग्निशमनवाल्यांना ते आमच्याच दाराला टेकून बसलेले सापडले. आई तेव्हा खाली चिंचेच्या सावलीत पाणी पीत होती.

ते अकरा दिवस दवाखान्यात होते. मी शेवटची भेटले तेव्हा नळी काढली होती, आवाज घोगरा. "आई कुटं हुती?" म्हणाले. म्हटलं, खाली, सुखरूप. "मग पायपुसणं अडकवलं हुतंस न्हवं?" खोलीत वहिनी होत्या, त्यांचा लेक होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, अण्णा." त्यांनी आपला उजवा हात उचलून बघितला. मग म्हणाले, "मलाच गावलं न्हाई म्हणायचं. हात म्हातारा झाला." तिसऱ्या दिवशी गेले. आयुष्यभर ज्या हातावर त्यांचा भरवसा होता, तो मी एका शब्दात खोटा ठरवला. लाज वाटते लिहिताना.

परवा धीर करून नवव्या मजल्यावर गेले. दारातच वहिनींना सांगून टाकलं... आमचं अडकवलेलं नव्हतं, मी खोटं बोलले. वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. "शेवटचं दोन दिस त्येंचा हात खाटंच्या दांड्यावर नुसता फिरत हुता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तापानं. मी आपला धरून ठेवायची, तर सोडवून घ्यायचे न् परत फिरवायचे..." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "आमाला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. त्येंना तेवडं सांगायचं हुतंस की गं."

त्या आत गेल्या. दार माझ्या तोंडावर लोटलं गेलं आणि कडीला अडकवलेलं पायपुसणं हललं. त्या दुपारी निघताना अण्णांनी अडकवलेलं, धुरानं काळं पडलेलं. अजून कुणी काढलेलं नाही.