कुकडीकाठची दाढ

दिवाळीनंतर दगडांचा नाद सोडायचा आणि बँकेच्या परीक्षांना बसायचं, असं माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला बजावलं होतं. माझं भूशास्त्राचं शेवटचं वर्ष होतं. "दगडं शिकून कुनाचं भलं झालंय?" असं ते उठता-बसता विचारायचे. त्यात त्यांनी उरलीसुरली मेंढरं विकलेली. तेव्हापासून ते ओट्यावर नुसते बसून असायचे.

त्या सकाळी पिंपळवंडीला मावशीकडे जाताना मी त्यांना हट्टानं कुकडीच्या काठानं नेलं. पाऊस सरला होता, पाणी उतरलं होतं. आमच्याकडचा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात कसली हाडं मिळणार? पण नदीचा गाळ वेगळा. जनावर काठाला मरतं, पुराचा गाळ त्याला झाकतो, मांस कुजतं आणि हाडांच्या बारीक छिद्रांत पाण्यातले क्षार मुरत मुरत हाडाचा दगड होतो. मी बडबडत होते, आप्पा नुसते हुंकारत होते.

ढासळलेल्या दरडीखाली आगपेटीएवढा मळकट तुकडा पडला होता. जागेचा फोटो काढला, तुकडा धुतला आणि थेट जिभेला लावला. साधा दगड जिभेला चिकटत नाही, जुनं हाड चिकटतं. चिकटलं!

"घरात भाकरी न्हाई व्हय गं?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, हाड आहे! दगड झालेलं हाड!" मी अक्षरशः नाचत होते. नाचता नाचता तुकडा पडेल म्हणून तो त्यांच्याच तळहातावर ठेवला.

त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. उन्हात धरलं, पुन्हा अंगठा फिरवला. बाजारात मेंढराचा ओठ उचलून दात बघताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा. जनावराच्या वयात त्यांना आजवर कुणी फसवलं नव्हतं.

"नुसतं हाड कुठलं? दाढ हाय ही, गुराची. आपल्या गुरांपरीस मोठी. आन लई म्हातारं व्हतं जनावर. बघ, पार झिजलीय."

दात बघून जनावराचं वय आणि खाणं ओळखायला मी दोन वर्षं पुस्तकं घोकत होते.

"म्हणजे तेव्हा इथं गवताळ रान असणार!"

"मंग! गवात चावल्याबिगर दाढ आशी झिजंल व्हय? कवाचं आसंल गं हे?"

"हजारो वर्षांपूर्वीचं. नक्की तपासल्यावर कळेल."

दाढ त्यांनी स्वतःच्या रुमालात बांधली. तेवढ्यात धीर करून मी विचारलं, "आप्पा, ते बँकेचं…"

आप्पा धोतर खोचून केव्हाच दरडीशी वाकले होते.

"बँक काय पळून चाललीय? कळपाबिगर जनावर ऱ्हातं व्हय कुठं? बाकीची हितंच आसतील. तू त्या अंगानं बघ, मी हिकडनं येतो."