कोल्हापूर ते नागपूर, एक तास पंचवीस मिनिटे

मुंबईत भोईवाड्याच्या न्यायालयात तीस वर्षे कारकुनी केलेल्या हेमचंद्राचा आकडा कधी चुकला नव्हता. त्या बुधवारी मात्र न चुकलेल्या आकड्यानेच घात केला.

देवाने त्याला रक्त दिले तेच दुर्मीळ, बॉम्बे ब्लड ग्रुपचे. ज्याच्या अंगात ते, त्याला दुसरे कुठलेच चालत नाही. हे रक्त आपले नव्हे, पांडुरंगाचे, असे मानून त्याने एक वही केली. तीत अकरा दात्यांची नावे, आणि प्रत्येकाच्या गावच्या विमानतळापासून इतर विमानतळांचे अंतर नि वेळ. फोन आला की वही उघडायची, नाम घ्यायचे, रक्त वाटेला लावायचे. किती घरांतले दिवे त्या वहीने राखले!

त्या सकाळी फोन आला तो नागपूरहून, त्याच्याच मेहुण्याचा. धाकटी बहीण मीनाक्षी हिच्या पोटात रक्तस्राव होत होता, आणि तिचेही रक्त त्याच गटाचे.

"दादा, डॉक्टर संध्याकाळी सातपर्यंत थांबतील. त्यापुढं थांबलं तर ती वाचायची नाही, मग रक्ताशिवायच शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणतात."

हेमचंद्राने बाही वर सारली आणि तशीच खाली सोडली. बावीस दिवसांपूर्वी माझगावच्या एका अनोळखी बाळंतिणीला त्याने रक्त दिले होते. तीन महिने होईपर्यंत त्याचे रक्त कुणी घेणार नव्हते.

वहीतली एकटी कोल्हापूरची अपूर्वा मोकळी होती. "काका, ही निघालेच बघा," पोरगी म्हणाली.

"कोल्हापुरातून गाडी काढायला सांगू?" मेहुण्याने विचारले.

"गाडीला पंधरा तास. विमानाला सातशे किलोमीटर, एक तास पंचवीस मिनिटे. वहीत आहे."

बारा वाजता अपूर्वाचा फोन आला. "काका, रक्त काढून पिशवी घेऊन विमानतळावर आलेय. इथं शुकशुकाट आहे. हे विमान रोज नसतंय. आता उद्याच."

वहीत अंतर होते, वेळ होती. वार नव्हता.

"गाडी पुण्याकडे पळव, पोरी. तिथून रात्री आठचं विमान आहे." म्हणजे नागपूरला साडेनऊ. तो देवापुढे उभा राहिला. ओठांवर नाम, डोळे घड्याळावर. एकेक तास विठ्ठलाच्या पायांशी ठेवत गेला.

सातला पाच कमी असताना फोन वाजला. मीनाक्षीच होती, आवाज सुतासारखा.

"दादा, तुझं ते वहीतलं पंचांग काय म्हणतं रे? उडालं का विमान?"

पिशवी अजून पुण्याच्या विमानतळावर होती. आयुष्यभर खरा आकडा सांगितलेल्या जिभेला तो पेलवला नाही.

"उडालं, बाय. आत्ताच."

"मग एक तास पंचवीस. तुझी वही कुठं चुकते! डॉक्टरांना सांगते, तेवढं थांबा. रक्त येऊ दे, मगच हात लावा."

"मीना, ऐक—"

फोन बंद झाला होता. त्याने पुन्हा लावला. नागपुरात घंटा वाजत राहिली, आणि समोर घड्याळात सात वाजले.