आमच्या जंतूंचे पराक्रम

आमच्या लॅबमध्ये माणसं तीन आणि जंतू अगणित, त्यामुळे किस्से कधी कमी पडलेच नाहीत. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत अजूनही कुणी विचारतं, "काय कमलाबाई, जंतू काय म्हणतायत?" की मी सुरू!

दुकानांत परदेशी बियाण्यांची गुळगुळीत पाकिटं नुकती यायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. आमचं पाकीट म्हणजे साधी प्लास्टिकची पिशवी, आत काळी पूड. त्या पुडीत मातीतले चांगले जंतू. भाताच्या गार पेजेत कालवून बियांना चोळायचे, की भाजीची रोपं धट्टीकट्टी! पण घेतंय कोण? वरून हुकूम आला, या हंगामात उपयोग दाखवा, नाहीतर लॅब बंद. आमच्या लॅबचे प्रमुख गोविंदराव साहेब, त्यांची बदली झाली असती. मी हंगामी, म्हणजे थेट घरी! माझी तर झोपच उडाली होती.

*

एक शेतकरी पाकीट घेऊन गेला आणि आठवड्यानं हसत परत आला. दात काळेकुट्ट!

"अय्यो, हे काय?"

"दंतमंजन बरं आहे मॅडम. लवंग थोडी वाढवा!"

साहेबांनी लगेच पाकिटावर वांग्याचं चित्र छापून घेतलं. मग एका बाईनं मसाला समजून ती पूड वांग्याच्या सांबारात घातली. नवऱ्यानं पुन्हा मागून घेतलं म्हणे!

*

आयुधपूजेला आमच्याकडे यंत्रांची पूजा करून त्यांना दिवसभर विश्रांती देतात. लॅबमध्ये जंतूंचे फ्लास्क सतत हलवणारं एक यंत्र होतं. ते थांबलं की जंतू गुदमरायचे. आमच्या सेल्वम अटेंडंटनं त्याला विभूती लावली, झेंडूचा हार घातला आणि भक्तिभावानं स्विच बंद केला!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फ्लास्क हुंगला आणि नाकच धरलं. सगळे जंतू खलास!

"सेल्वम, तू तर वर्षभर विश्रांती घेतोस. तुझी पूजा कोण करतं रे?"

*

शेवटी मद्रासचे मोठे साहेब पाहणीला आले. ओरत्तनाडूजवळ एका पाट्टीच्या, म्हणजे आजीबाईंच्या मळ्यात आम्ही वांग्याचे दोन वाफे केले होते. एकाला जंतू दिलेले, दुसऱ्याला नाहीत. फरक दिसला की लॅब वाचली!

जाऊन बघतो तर दोन्ही वाफे सारखेच हिरवेगार.

"फरक कुठाय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"पाट्टी, या दुसऱ्या वाफ्याला काही घातलंत का?" गोविंदरावांनी घाईनं विचारलं.

"घातलं की! उरलेली पूड पेजेत कालवून ओतली. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं? आमच्या घरात असलं चालत नाही!"

मोठे साहेब जीपकडे वळले. आता संपलंच सगळं, मला रडू फुटायचं बाकी होतं.

"अहो, थांबा!" पाट्टीनं हाक मारली आणि कुंपणापलीकडे बोट दाखवलं. तिथल्या वाफ्यात रोपं पिवळी पडली होती, निम्मी तर कोलमडलेली.

"बी तेच, पेरणी त्याच दिवशीची," पाट्टी म्हणाली. "तो माझ्या जावेचा वाफा. तिला चिमूटभरसुद्धा दिली नाही!"