आबांचे कान कुणी सरळ केले?

मंडळी, अजून डोकं तापलंय माझं.

माझे वडील, आबा, जुने पैलवान. तालमीत लावायला त्यांचा फोटो हवा होता, म्हणून सकाळी त्यांना शाहूपुरीतल्या एका स्टुडिओत नेलं. फोटो हातात आला, तर कुस्तीत मोडून गोळा झालेले त्यांचे दोन्ही कान फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर सरळ करून टाकलेले!

"जरा नीट केले, सर," म्हणाला.

आबांनी फोटो निरखला. "हे पावणं कोण म्हणायचं? वीस वर्सं मातीत घासलो, तवा असलं कान झाल्यात की!"

मी भांडलो. मूळ फोटो छापून घेतला, तेव्हाच उठलो.

माणसाची उभ्या आयुष्याची कमाई न विचारता पुसायचा हक्क ह्यांना दिला कुणी?