अर्नेस्टीनबाईंच्या टेबलावर

निवृत्त प्राध्यापक अर्नेस्टीनबाई दर रविवारी चर्चनंतर पीएचडी करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलामुलींना जेवायला बोलवत; चर्चमधल्या बायकाही टेबलाशी असत. अमेरिकेतल्या डरहम शहरात सगळे याला माया म्हणत. त्या विद्यार्थ्यांतल्या जनेलला मात्र त्यात डाव दिसे. आधीच्या मार्गदर्शकाने असंच गोड बोलून तिचं संशोधन स्वतःच्या नावावर छापलं होतं. म्हणून आज प्रबंधातलं सुइणींवरचं नवं प्रकरण आणूनही तिने पिशवी मांडीवरून हलवली नव्हती.

"पिशवीत काय गं, माझे चमचे?" तिला कोलार्डच्या पानांची भाजी वाढत बाईंनी विचारलं.

"प्रकरण आहे. पण तुम्हाला ते कशाला हवंय?"

"मला नकोच. तूच वाच, मोठ्याने. चर्चमधल्या या सगळ्या बायका ऐकतील. उद्या मी ते चोरलं, तर याच मला चर्चची पायरी चढू देणार नाहीत."

"चढू देऊ," शेजारची म्हातारी म्हणाली, "पण पाय मिळणार नाही. रताळ्याचा." आणि तिने टेबलावरचा तो भाजलेला गोड पदार्थ स्वतःकडे ओढला.

सगळ्या हसल्या. जनेल हसली नाही. तिने एकेक चेहरा निरखून पाहिला. मग पहिलं पान काढलं, आणि वाचण्याआधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.